एअरबॅगमध्ये गॅस येतो कुठून? अझाइड, ग्वानिडिन नायट्रेट आणि टकाटाची भानगड

वातकुक्कुट (धागाकर्ता)

एअरबॅगचा विषय निघाला की सेन्सर, स्टार रेटिंग आणि बॅगा सहा की दोन, यावरच गाडी अडते. मला प्रश्न पडलाय तो आतल्या मालाचा. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणामागे जेमतेम तळहाताएवढी डबी असते. तिच्यातून साठेक लिटर गॅस डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो कुठून?

'सोडियम अझाइड' हे उत्तर सगळीकडे सापडतं. पण काही ठिकाणी वाचलं की अझाइड केव्हाच मोडीत निघालं. निघालं असेल तर का, आणि त्याच्या जागी काय आलं? टकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरांत (बॅग फुगवणाऱ्या डब्यांत) नेमकं काय बिघडलं, की ते फुटायला लागले? आणि हा माल वर्षानुवर्षं आपल्या तोंडासमोर पडून असतो, तो शिळा होत नाही का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शंकेखोर

माझा त्याच्याही आधीचा प्रश्न. जाळपोळ हवीच कशाला? दाबाखाली हवा भरलेली नळकांडी ठेवा, झडप उघडा, काम झालं.

तुरटी

घन प्रणोदकांशी (जळून झपाट्याने गॅस देणाऱ्या घन मालाशी) रोजचा संबंध आहे म्हणून लिहिते. प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवते.

शंकेखोर, तुमची कल्पना अगदी पहिलीच आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक आणि जर्मनीत वॉल्टर लिंडरर, दोघांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं, आणि दोघांच्याही डोक्यात दाबाखालची हवाच होती. अडलं ते वेळेवर. समोरून धडक झाली की 'ही खरी धडक आहे' हे ठरवण्यातच १५-२० मिलिसेकंद जातात. उरलेल्या ३०-एक मिलिसेकंदांत बॅग भरून तयार हवी, कारण तोवर माणूस पुढे यायला लागलेला असतो. टाकीतून अरुंद तोंडावाटे सुटणारी हवा त्या काळच्या सामग्रीने एवढ्या वेळात पोचेना. शिवाय जाड भिंतीची टाकी स्टिअरिंगवर बसवायची म्हणजे वजन आलं, आणि दहा-पंधरा वर्षं दाब टिकवायचा म्हणजे गळतीची कटकट आली. घन पदार्थात तोच गॅस कुठल्याही दाबाशिवाय कोंडून ठेवता येतो. म्हणून पेटवायचा मार्ग निवडला गेला.

आता अझाइड. सोडियम अझाइडच्या रेणूत एक सोडियम आणि तीन नायट्रोजन. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की तो मोडतो, सोडियम धातू वेगळा आणि नायट्रोजन वायू वेगळा. १३० ग्रॅम घेतलं तर नायट्रोजन तीन मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक), म्हणजे शून्य अंशाला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला सुमारे ६७ लिटर. गॅस निव्वळ नायट्रोजन, आपण श्वासात घेतो त्या हवेतला मोठा हिस्सा तोच. ऐकायला फार छान.

पण त्याच १३० ग्रॅममधून ४६ ग्रॅम तप्त सोडियमही निघतो, हे कुणी सांगत नाही. पाण्याचा थेंब दिसला की पेट घेणारा धातू माणसाच्या तोंडासमोर सोडून चालत नाही. म्हणून मिश्रणात ऑक्सिडायझर (ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) घालायचा, तो सोडियमचा ऑक्साइड करतो. मग सिलिका घालायची, ती त्या ऑक्साइडला काचेसारख्या सिलिकेटमध्ये बांधून टाकते. हे सगळं घन रूपातच मागे राहतं. परिणामी भरलेल्या मालातला निम्म्याहून जास्त भाग गॅस देतच नाही, तो राख आणि कीट होऊन डबीत बसतो. डबी मोठी, गाळणी जाड.

दहा_नंबरचा_पाना

तुरटीताई, उत्तम. मी एअरबॅगवाल्या गाड्यांचं काम शिकवतो, आमच्याकडे दाखवायला मधोमध कापलेला, अर्थात रिकामा केलेला, ड्रायव्हर साइडचा इन्फ्लेटर आहे. ज्यांनी आतून कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी:

चपटी गोल डबी. मध्यभागी स्क्विब, म्हणजे दोन पिनांचा छोटा पेटवणारा तुकडा. पिनांमध्ये केसाहून बारीक तार आणि तिच्याभोवती चिमूटभर दारू. १.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिलिसेकंद गेला की तो हमखास पेटतो. स्क्विबभोवती बूस्टरची वाटी, बहुधा बोरॉन आणि पोटॅशियम नायट्रेटची. त्याची ज्वाला भोकांतून बाहेरच्या कप्प्यात जाते आणि तिथे खरा माल असतो, औषधाच्या गोळ्यांसारख्या दाबलेल्या गोळ्या. गोळ्यांच्या बाहेर पोलादी तारेच्या जाळीचं जाड कडं, तीच गाळणी. कड्याबाहेर डबीच्या भिंतीला भोकं, आणि भोकांवर आतून चिकटवलेली धातूची पातळ फॉइल.

त्या फॉइलकडे कुणी बघत नाही, मी मुद्दाम बोट ठेवून दाखवतो. ठरावीक दाब होईपर्यंत ती गॅस अडवते, त्यामुळे गोळ्या एकसारख्या पेट घेतात. आणि एरवी सगळा जन्म ती बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही. टकाटापर्यंत गाडी पोचली की ही फॉइल पुन्हा आठवा.

अळणी

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकेखोर

बरं, टाकी बाद. मग बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगांत दाबाखालचा गॅस असतो असं ऐकलंय, ते खोटं का?

तुरटी

खरं आहे, आणि कारण गमतीचं आहे. जाळून केलेला गॅस गरम असतो. गरम गॅस जागा जास्त व्यापतो, म्हणून कमी मालात बॅग भरते, पण निवला की आकसतो. समोरच्या बॅगेला त्याचं काही वाटत नाही. तिला मागे मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, माणूस आदळला की तिने रिकामं होत जावं हेच अपेक्षित असतं. छताच्या कडेने सुटणारा पडदा मात्र गाडी कोलांट्या खात असताना काही सेकंद ताठ राहायला हवा. तिथे आकसणारा गॅस काय कामाचा? म्हणून बऱ्याच पडद्यांत आर्गॉन-हेलियमसारखे वायू दाबून भरलेले असतात. नळकांडं छतात किंवा खांबात लांबट बसतं, स्टिअरिंगसारखी जागेची मारामारीही नाही. या दोन्हींमधली संकरित जातही आहे. दाबलेला आर्गॉन आणि त्याला तापवायला थोडासा जळणारा माल.

वातकुक्कुट

झकास. अझाइड गेलं का आणि कधी?

तुरटी

१९९० च्या दशकात उतरती कळा लागली. कीट फार होतं हे कारण किरकोळ, खरी कारणं तीन.

पहिलं विषारीपण. सोडियम अझाइड पेशींच्या श्वसनाचं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतं तेच सायनाइडही बंद पाडतं. बॅग उडाली की अझाइड संपतं, त्यामुळे प्रवाशाला त्याचा धोका फारसा नव्हताच. धोका होता कारखान्यात ते दळणाऱ्या, दाबणाऱ्या माणसाला, आणि न उडालेली बॅग घेऊन भंगारात गेलेल्या गाडीपाशी काम करणाऱ्याला. दुसरं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि आम्लाशी गाठ पडली की हायड्रेझोइक आम्ल सोडतं. ते बाष्पनशील, विषारी आणि स्वतः स्फोटक. तिसरं, तांबं आणि शिसं यांच्या संगतीत त्याचे जे अझाइड क्षार होतात ते नुसत्या घर्षणाने उडू शकतात. गाडीत आणि भंगारवाड्यात या दोन्ही धातूंना काय तोटा!

मग जागा घेतली नायट्रोजनने लगडलेल्या सेंद्रिय पदार्थांनी. आधी टेट्राझोल कुळातले, उदाहरणार्थ ५-अमिनोटेट्राझोल. आणि पुढे मोठ्या प्रमाणावर ग्वानिडिन नायट्रेट, जोडीला ऑक्सिजन पुरवायला बेसिक कॉपर नायट्रेट. आज नव्या गाडीत डबी उघडली (उघडू नका!) तर या जोडीचे किंवा तिच्या भावंडांचे दर्शन व्हायची शक्यता मोठी.

इथे एक मूलभूत फरक पडतो. अझाइड मोडतं, हे नवे पदार्थ जळतात. त्यांच्यात कार्बन आणि हायड्रोजन आहे, म्हणून गॅसमध्ये नायट्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. ऑक्सिजन थोडा कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड, थोडा जास्त झाला तर नायट्रोजनचे ऑक्साइड. बंद काचांच्या गाडीत दोन्ही नकोत. त्यामुळे या क्षेत्रातली अर्धी डोकेफोड ऑक्सिजनचा हा तोल साधण्यात जाते. उडवलेल्या इन्फ्लेटरचा गॅस मोठ्या बंद टाकीत गोळा करून प्रत्येक विषारी घटकाचं प्रमाण मोजतात, मर्यादेबाहेर गेलं की मिश्रण नापास.

तांब्याची निवड का, हा मला फार आवडणारा भाग आहे. बेसिक कॉपर नायट्रेट ऑक्सिजन देऊन झाला की मागे तांबं उरतं. तांबं वितळतं १०८५ अंशांना. जळताना ते द्रव असतं, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि गाळणीच्या तुलनेने थंड तारांवर येऊन थिजतात. धुरासारखी बारीक भुकटी झाली असती तर गाळणीतून सुटून बॅगेत गेली असती. म्हणजे राख कुठल्या रूपात पडेल हे आधी ठरवून मग ऑक्सिडायझर निवडलाय.

गॅस किती मिळतो त्याचा माझा हिशोब, १०० ग्रॅममागे: शुद्ध सोडियम अझाइड २.३ मोल (वर सांगितलेली भर घातली की याहून कमी), ग्वानिडिन नायट्रेट आणि बेसिक कॉपर नायट्रेटची जोडी सुमारे ३ मोल, आणि अमोनियम नायट्रेट ४.४ मोल. शेवटच्या आकड्यावर नजर ठेवा.

अळणी

अमोनियम नायट्रेट म्हणजे खत ना? खत भरलं आणि फुटलं, संपली गोष्ट. एवढं काय रसायनशास्त्र.

दहा_नंबरचा_पाना

अळणी, इतकं सरळ असतं तर पहिल्याच चाचणीत फुटलं असतं. नव्या डब्या व्यवस्थित चालत होत्या. बहुतेक फुटल्या त्या काही वर्षं गाडीत काढल्यावर.

तुरटी

पानासाहेब म्हणतात तेच. ४.४ मोलचा मोह समजून घ्या. अमोनियम नायट्रेट पूर्ण जळलं की मागे घन काही उरतच नाही, सगळा गॅस. गाळणी हलकी, डबी लहान, माल स्वस्त आणि मुबलक. टकाटा आधी टेट्राझोलचा माल वापरत होती, तो चांगला पण महाग. २००० च्या सुमारास कंपनी अमोनियम नायट्रेटकडे वळली. बाकीचे मोठे उत्पादक या वाटेला मुख्य माल म्हणून फारसे गेले नाहीत, कारण त्याच्या दोन खोडी सर्वांना ठाऊक होत्या.

एक, ३२ अंशांना त्याच्या स्फटिकाची घडी बदलते आणि आकारमान तीन-चार टक्क्यांनी हलतं. ३२ अंश! उन्हात उभी गाडी रोज हा उंबरठा ओलांडते आणि रात्री परत येते. दाबून केलेली गोळी रोज फुगली-आकसली तर तिला भेगा पडणारच. यावर उपाय होता, पोटॅशियम नायट्रेट मिसळून स्फटिकाची रचना स्थिर करायचा, आणि टकाटाने तो केलाही होता. दुसरी खोड ओलावा ओढून घ्यायची. तिच्यावर तो उपाय चालत नाही.

आता जळण्याचा नियम. घन प्रणोदक पृष्ठभागावरून थर थर जळत आत जातो, आणि दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. म्हणजे गॅस किती वेगाने निघेल हे उघड्या पृष्ठभागावर ठरतं. एकाच वजनाचा लाकडाचा ओंडका आणि भुसा, यांतलं काय भडकन पेटतं ते सांगायला नको. गोळी घट्ट, एकसंध असेल तर सगळं हिशोबात राहतं. आत सूक्ष्म पोकळ्या झाल्या तर ज्वाला त्या पोकळ्यांत शिरते, पृष्ठभाग एकदम कित्येक पट होतो, दाब चढतो, चढलेल्या दाबाने वेग आणखी वाढतो. भोकांतून गॅस निघून जायच्या आत डबीची भिंत सुटते. आणि मग बॅगेतून गॅसच्या जोडीला लोखंडाचे तुकडे येतात, थेट मानेच्या आणि चेहऱ्याच्या उंचीवर. फ्लोरिडातल्या २०१४ च्या एका अपघातात जखमा पाहून तपास करणाऱ्यांना आधी भोसकल्याचा संशय आला होता.

पोकळ्या कशा झाल्या? कारखान्यातून राहिलेला किंवा वर्षानुवर्षं झिरपलेला ओलावा डबीत असतो (पानासाहेबांनी सांगितलेली फॉइल आणि डबीचे सांधे आठवा). दिवसा डबी तापते, रात्री निवते, ओलावा गोळ्यांतून सुटतो आणि परत शोषला जातो. दर फेरीत गोळी किंचित सैल होते. घनता घटते. हे एका उन्हाळ्यात दिसत नाही, सात-आठ-दहा वर्षांत दिसतं. २०१६ मध्ये वाहन कंपन्यांनी नेमलेल्या स्वतंत्र तपासणीचा निष्कर्षही हाच होता: ओलावाशोषक न घातलेलं अमोनियम नायट्रेट, ओलावा आत येऊ देणारी डबीची जुळणी, आणि दमट प्रदेशातले तापमानाचे चढउतार. तिन्ही जमले की फुटतं.

शंकेखोर

मग चाचण्या करतात त्या कशाच्या? ओव्हनमध्ये भाजतात म्हणे.

तुरटी

भाजतात, १०७ अंशांवर सुमारे ४०० तास. रासायनिक विघटन लवकर घडवून बघायला ती चाचणी बरी आहे. पण कोरड्या उष्णतेत टिकणं वेगळं आणि ओलसर डबीत रोज गरम-थंड होत टिकणं वेगळं. दुसरी परीक्षा घाईत घेता येत नाही, आणि घेतली तरी फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशातल्या खऱ्या परिस्थितीशी ती कितपत जुळते यावर वाद घालता येतो. त्यात टकाटाची नियतही साफ नव्हती. वाहन कंपन्यांना चुकीची चाचणी-माहिती दिल्याबद्दल जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करायचं मान्य केलं, १ अब्ज डॉलरचा दंड आणि भरपाई ठरली. जूनमध्ये दिवाळखोरी. होंडाने पहिलं छोटं रिकॉल (सदोष भाग बदलायला गाड्या परत बोलावणं) केलं होतं ते २००८ मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ नऊ वर्षं गेली. एकट्या अमेरिकेत परत बोलावलेल्या इन्फ्लेटरांचा आकडा ६ कोटी ७० लाखांच्या घरात आहे.

माझं मत विचाराल तर अमोनियम नायट्रेटला सगळा दोष देऊन मोकळं होणं बरोबर नाही. अवघड माल होता. तो वापरायचाच तर ओलावाशोषक पहिल्या दिवसापासून हवा होता. तो नंतरच्या पिढीत घातला. गॅस किती मोल निघतो हा आकडा पहिल्या पानावर छापला, आणि बारा वर्षांनी गोळीची घनता किती उरते हा प्रश्न मागच्या पानावर गेला.

वातकुक्कुट

जबरदस्त प्रतिसाद. मग उरलेला प्रश्न: बाकीच्या मालाला वयाची मर्यादा आहे का?

दहा_नंबरचा_पाना

सुरुवातीच्या काही गाड्यांवर १० किंवा १५ वर्षांनी तपासा-बदला असे स्टिकर असायचे. आता बहुतेक कंपन्या असं काही लिहीत नाहीत, गाडीच्या आयुष्याएवढं धरून चालतात. ग्वानिडिन नायट्रेटच्या मालाचा यात लौकिक चांगला आहे. गाडी जुनी असेल तर एकच काम करा, चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा. फुकट असतं.

भर_दुपारी

आमच्या एका नातेवाइकांच्या गाडीची बॅग उडाली तेव्हा आत पांढरा धूर आणि पावडर. त्यांना वाटलं गाडी पेटली. काचा उघडून बाहेर आले, बराच वेळ खोकत होते. ती पावडर म्हणजे अझाइड का?

दहा_नंबरचा_पाना

नाही. पांढरी पावडर बहुतांशी शंखजिऱ्याची किंवा मक्याच्या स्टार्चची, घडी घातलेलं कापड चिकटू नये म्हणून टाकत. त्यात गाळणीतून सुटलेली बारीक राख मिसळते. अझाइडच्या जमान्यात ती राख अल्कधर्मी असायची, कातडीला आणि डोळ्यांना चरचरायची. दम्याच्या माणसाला कुठल्याही बॅगेच्या धुराने त्रास होऊ शकतो. काचा उघडून बाहेर आले ते अगदी योग्य केलं. नंतर तोंड-हात पाण्याने धुवायचे, डोळे चोळायचे नाहीत.

शंकेखोर

अवांतर: गाडीला आग लागली तर ही डबी बॉम्बसारखी उडते का?

तुरटी

त्याची सोय केलेली असते. आगीत डबीचा धातू मऊ पडतो, आणि माल त्यानंतर पेटला तर भिंत दाब सोसणार नाही. म्हणून आत आणखी एक पदार्थ असतो जो मुख्य मालाच्या कितीतरी आधी, दीड-दोनशे अंशांच्या आसपास, आपोआप पेटतो. भिंत अजून धडधाकट असतानाच बॅग उडून जाते. आग विझवणाऱ्यांना ऐकू येणारे फटाफट आवाज पुष्कळदा याचेच.

अळणी

मागे घेतो खताचं विधान. एक शंका, यूट्यूबवर लोक स्वस्तातले इन्फ्लेटर मागवून स्वतःच बसवताना दिसतात. चालतं का?

दहा_नंबरचा_पाना

अजिबात नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेने अशाच निकृष्ट बदली इन्फ्लेटरांबद्दल इशारा दिला, त्यांनी माणसं मेली आहेत. आत काय भरलंय, किती दाबलंय, फॉइल कसली, काही ठावठिकाणा नसतो.

आणि जे व्यवसायाने हात घालतात त्यांच्यासाठी: पिवळे कनेक्टर म्हणजे एअरबॅगचं सर्किट. बॅटरी काढल्यावर कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेला वेळ थांबा, कारण कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्यापुरता चार्ज शिल्लक असतो. साध्या मल्टिमीटरने स्क्विबचा रोध मोजू नका. काढलेली बॅग टेबलावर कापडी बाजू वर करून ठेवा, उलटी ठेवली आणि उडाली तर डबीच वर झेपावते.

भर_दुपारी

उडालेली बॅग काढतानाही एवढी काळजी? ती तर संपलेली ना?

दहा_नंबरचा_पाना

दोन टप्प्यांच्या इन्फ्लेटरमध्ये दोन स्क्विब आणि मालाचे दोन कप्पे असतात. हलक्या धडकेत पहिलाच कप्पा कामाला येतो. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट दुसरा कप्पा थोड्या वेळाने नुसता रिकामा करायला उडवतं, पण अपघातात वायर तुटली असेल तर तो तसाच भरलेला राहतो. लोंबकळणारी बॅग बघून आत माल उरला आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. मी शिकवताना दोन्ही टप्पे उडाल्याची खात्री होईपर्यंत ती जिवंतच धरायला लावतो.